जोडगोळी

३ तारीख, सोमवार

सूनबाई,

असं आता म्हणायचं नाही, हे मला ठाऊक आहे. कोर्टाचा कागद मीही पाहिलाय. पण माझ्या मुलाने तुला सोडलं की तू त्याला, ते तुमचं तुम्ही बघा. मी कोणाला सोडलेलं नाही. दुसरं काही सुचेपर्यंत सूनबाईच. आशीर्वाद लिहीत नाही. मागच्या वेळी दिले तर म्हणालीस, आशीर्वाद राहू द्या, जरा गप्प बसा.

फोन का केला नाही विचारशील, तर माझा नंबर तू त्या कसल्याशा यादीत टाकलायस, जिथे घंटाच वाजत नाही. बरंच केलंस. फोनवर माझी जीभ घसरते, कागदावर निदान खोडता येतं. सकाळच्या बसचा कंडक्टर तुझ्या गावाला जातो आणि संध्याकाळी परत येतो. पाकीट तुझ्या औषधाच्या दुकानात आणून देईन म्हणाला. उत्तर त्याच्याच हाती दे. पोस्टाने पाठवू नकोस, तेवढा वेळ नाही.

तुझे सासरे पडले. जिन्यातला दिवा बदलायला स्टुलावर चढले होते. मी म्हटलं होतं, शेजारच्या बिऱ्हाडातल्या पोराला सांगा. तर म्हणाले, आयुष्यभर पंपघराच्या शिड्या चढलो, स्टूल काय चीज आहे. खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळात पायाला वजन टांगून ठेवलंय आणि शनिवारी कापाकापी आहे. ह्यांच्या पाणीखात्याच्या निधीच्या कार्डावर सगळं होतंय, तेव्हा पैशांसाठी लिहिलंय असं समजू नकोस.

आता कामाचं. शेजारणीने तुला एक विचारायला सांगितलंय. तू औषधाच्या दुकानात असतेस हे तिला माहीत आहे. तिचा नवराही इस्पितळातच आहे. योगायोग.

तर असं. एका माणसाला डॉक्टरने प्रेशरच्या रोज दोन गोळ्या लिहून दिल्यात. पण तो वर्षभर एकच खात आलाय. का ते विचारू नकोस. आता इस्पितळात नर्सबाई समोर उभी राहून त्याला दोन्ही खायला घालते. तर त्याला काही होईल का?

आणि दुसरं. एखादी बाई तीच गोळी रोज एक खात असेल आणि ती एकदम बंद झाली, तर? हे दुसरं तेवढं घाईचं नाही.

माझी नात कशी आहे, भुंगा? अजून गुणगुणत अभ्यास करते का? मी विचारलं म्हणून सांगू नकोस.

— सासू (होते ती)

५ तारीख, बुधवार

सूनबाई,

तुझी चिठ्ठी मिळाली. चार ओळी, त्यातल्या दोन माझी उलटतपासणी. "तुमच्या शेजारच्या बिऱ्हाडाला तर मी लग्न होऊन आले तेव्हापासून कुलूप आहे." बरं बाई, आहे. शेजारच्या पोराचं लिहिलं तिथेच मी फसले. खोटं बोलायचं तर माणसाने नीट शिकून घ्यावं. मी चौथीत शाळा सोडली, तिथवर खोटं बोलायला शिकवत नव्हते.

ऐक तर मग. दोन गोळ्या ह्यांच्या नावावर आहेत. एक हे खातात आणि एक मी.

तू होतीस तोवर माझ्या गोळ्या तुझ्या दुकानातून सवलतीत यायच्या. तू गेलीस, तुझ्याबरोबर सवलतही गेली. त्याच वर्षी पाणीखात्याच्या निधीवाल्यांनी नवा नियम काढला. निवृत्त माणसाची औषधं निधी देणार, पण बायकोला हवी असतील तर वेगळी वर्गणी, तीही आधीच्या तिप्पट. आणि बाजारात त्याच गोळीची किंमत दर खेपेला नवी. दुकानदार तोंड पाडून सांगतो, आजी, माझ्या हातात नाही. पेन्शन मात्र जिथल्या तिथे. हिशेब लिहून तुला कंटाळा आणत नाही. एवढंच सांगते की एक तर गोळी यायची, नाहीतर घरात उजेड.

तर हे म्हणाले, आपल्याला एकच दुखणं, एकच गोळी, मग भांडण कशाचं? तेव्हा ह्यांना एकच लिहून दिलेली होती. मी काज-बटणं करून म्हातारी झालेली बाई, माझा हात बारीक. ब्लेडने मधोमध कापायची. अर्धी ह्यांना, अर्धी मला. तीन महिन्यांनी दवाखान्यात गेलो तर डॉक्टर म्हणे, आजोबा, तुमचं प्रेशर उतरत नाही, डोस वाढवायला हवा. केली एकाची दोन. घरी येईपर्यंत आम्ही दोघं रस्त्यात हसत होतो. म्हटलं, डॉक्टरला न सांगता कळलं की घरात दोन माणसं आहेत. पंपघरातले ह्यांचे सोबती आम्हाला जोडगोळी म्हणायचे, कुठेही बरोबर जातो म्हणून. हे म्हणाले, बघ, आता सरकारी कागदावर तेच लिहून आलं.

तेव्हापासून सगळं सुरळीत होतं. ह्यांचं प्रेशर ठीक, माझंही ठीक. आयुष्यभर शहराच्या पाण्याचं प्रेशर सांभाळलं, आता दोन माणसांचं सांभाळतो, असं सांगत फिरायचे. म्हणजे सांगत नव्हते, घरातच म्हणायचे.

मग हे स्टूल.

इस्पितळात गोळ्या वॉर्डातूनच मिळतात, घरी काही देत नाहीत. पहिल्या दिवशी मी भेटायला गेले तर ह्यांनी इकडेतिकडे बघून रुमाल माझ्या हातात दिला. रुमालात ओली गोळी. गालात धरून ठेवली होती म्हणे, नर्सबाई वळल्यावर काढली. मी म्हटलं, शी! तर म्हणतात, चाळीस वर्षं माझं उष्टं खात आलीस, आता कसली शी? मी नळाखाली धुतली आणि खाल्ली. दुसऱ्या दिवशीही तसंच. रविवारी नर्सबाईने पकडलं. तिला वाटलं म्हातारा हट्टी आहे, औषध टाळतो. चांगली बाई आहे, डोळ्यात तेल घालून बघते. तेव्हापासून ती पलंगापाशी उभी राहते. "तोंड उघडा आजोबा. जीभ उचला." दोन्ही गोळ्या पोटात गेल्याशिवाय हलत नाही.

सोमवारपासून हे पेंगल्यासारखे आहेत. बोलता बोलता डोळे मिटतात. हात गार.

तू लिहिलंस, आत्ताच्या आत्ता डॉक्टरला सांगा. तुला सांगणं सोपं आहे. ह्यांच्या जोडीला वॉल्व्हवर जो होता, तो डोळे बारीक करून बघायचा, आठवतो? त्याने आपलं मलम भावाला दिलं. निधीवाल्यांना कळलं, कार्ड रद्द. आणि आधी झालेल्या उपचारांचीही वसुली लावली. आमचं कार्ड गेलं तर शनिवारची कापाकापी कोण करेल? टांगलेला पाय घेऊन ह्यांना घरी आणू? हे म्हणतात, एक हाड बसेपर्यंत कळ काढ, तोंड उघडलंस तर मी मेलो असं समज. आता तोंड उघडलं नाही तर काय होतं तेही तू लिहिलंयस. चांगला पेच घातलायत तुम्ही दोघांनी.

माझी काळजी करू नकोस. माझ्याकडे थोड्या शिल्लक आहेत.

— सासू

६ तारीख, गुरुवार

सूनबाई,

आज कंडक्टर माझ्यासाठी थांबलाय आणि माझ्यावर खेकसतोय, तेव्हा थोडक्यात.

सकाळी मोठे डॉक्टर आले. कापाकापी पुढे ढकलली. म्हणाले, नाडी फार मंद आहे, अशा नाडीवर भूल देता येणार नाही. काल ह्यांना बसतं केलं तर शुद्ध हरपली आणि नर्सबाईच्या अंगावर पडले. आता म्हणे आधी छातीत मशीन बसवायचं, ठोके द्यायला. मी विचारलं, हे कशाने झालं? धाकटा डॉक्टर म्हणाला, आम्हीही पहिल्यांदा औषधावरच संशय घेतला, पण आजोबा हाच डोस वर्षभर घेतायत आणि काही त्रास नाही. म्हणजे औषध नाही, हृदयच थकलंय.

हाच डोस वर्षभर. कागदावर तसंच लिहिलंय आणि कागद तसा लिहवून घेतला आम्हीच. ते बिचारे बरोबर विचार करतायत, आम्ही त्यांना विचार करायला खोटं दिलंय. आणि मी तिथे मूग गिळून उभी. हे माझ्याकडे बघत होते. डोळे अर्धे मिटलेले, तरी दटावणी पुरी होती.

तू काल लिहिलंस की मी सांगितलं नाही तर तू स्वतः इस्पितळात फोन करशील. खबरदार! तू केलास तर हे म्हणतील, सुनेने सूड घेतला. आणि निधीवाले म्हणतील, घरातल्यांनीच चुगली केली, म्हणजे सगळे सामील होते. उद्या सकाळी मशीनच्या कागदावर माझी सही घेणार आहेत. तेवढा वेळ मला दे. तोंड माझं आहे, मीच उघडेन.

आणि हो, तू विचारलंस म्हणून. शिल्लक नाहीत. रविवारपासून एकही नाही. तिथे हे दोघांच्या गोळ्या खातायत आणि इथे मला अर्धीसुद्धा नाही. छातीत धडधडतं. आज इस्पितळाच्या जिन्यात बसावं लागलं, एक बाई विचारून गेली, आजी पाणी देऊ का. माझं अक्षर असं का आलंय ते आता कळलं असेल. पत्र फाडून टाक. भुंगाला दाखवू नकोस.

७ तारीख, शुक्रवार

सूनबाई,

सांगितलं. आता नीट बसून लिहिते.

सकाळी मोठे डॉक्टर आले. ते फार हळू बोलतात, सगळ्यांना त्यांच्या तोंडाशी कान न्यावा लागतो. मागे दोन धाकटे, बाजूला नर्सबाई, तिच्या हातात मशीनचा कागद. पेन माझ्यापुढे धरलं.

मी म्हटलं, "डॉक्टर, ह्यांच्या छातीत काही बसवू नका."

"आजी, घाबरू नका. अगदी छोटंसं असतं."

"मी घाबरत नाही. ह्यांची नाडी तुमच्या गोळ्यांनी बसवलीय."

"त्या गोळ्या ते वर्षभर घेतायत, आजी."

"एक घेतात. दुसरी मी खाते."

नर्सबाईचं तोंड उघडं राहिलं. मला वाटलं आता हिलाच म्हणावं, जीभ उचल. पण त्याआधी पलंगावरून आवाज आला. इतका वेळ ज्यांच्या तोंडून हूं निघत नव्हतं, ते एकदम खणखणीत बोलले.

"हिचं ऐकू नका. हिला हल्ली भास होतात. परवा मला दादा म्हणून हाक मारली."

"अहो!"

"बघा, आता अहो म्हणते. डॉक्टर, मी पंपघरातला माणूस. मोजमापात चूक नाही. दोन म्हणजे दोन. मीच खायचो."

नर्सबाई म्हणाली, "मग त्या दिवशी गालात का लपवली होतीत?"

"चव आवडत नाही."

"आणि रुमालात कशाला ठेवत होतात?"

"रुमालालाही आवडत नाही. म्हणून परत काढून खायचो."

धाकटा डॉक्टर हसला. मोठे हसले नाहीत. ते एकदा ह्यांच्याकडे बघत आणि एकदा माझ्याकडे. मला कळलं, ह्यांचंच खरं वाटणार. दुखणं ह्यांचं, कागद ह्यांच्या नावाचा, आणि मी हातात पेन घेऊन घाम पुसणारी म्हातारी. आणि दाखवायला कागदासारखा दुसरा कोणता पुरावाही माझ्याकडे नाही. वर्षभर ब्लेडने कापलेल्या आणि नंतर मोजून वाटलेल्या गोळ्या तर पोटात विरघळून गेल्या.

मोठ्यांनी विचारलं, "आजी, तुम्ही शेवटची गोळी कधी घेतलीत?"

"शनिवारी. ह्या बाईने ह्यांना पकडलं, त्याच्या आदल्या दिवशी."

"हात द्या."

मी दिला. त्यांनी माझं मनगट धरलं, मग दुसऱ्या हाताने ह्यांचं. पलंगाच्या आणि माझ्या स्टुलाच्या मध्ये उभे राहिले आणि डोळे मिटले. धाकटा घड्याळ बघत होता. मला माझी नाडी कानात ऐकू येत होती, कोणी शिलाईचं यंत्र पाय दाबून चालवावं तशी. ह्यांची मला ऐकू येत नव्हती, पण डॉक्टरांच्या ओठांवर दिसत होती. ओठ हलायचे, मग थांबायचे, इतके थांबायचे की मला वाटायचं संपलं, मग पुन्हा हलायचे. ह्यांनी हात ओढून घ्यायचा प्रयत्न केला. त्यांनी सोडला नाही.

मग डोळे उघडून म्हणाले, "आजोबा, ह्यांच्या वाटणीची गोळी ह्यांच्या नाडीत नाही, तुमच्या नाडीत आहे. बोला आता."

ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मग भिंतीलाच म्हणाले, "हिला आधी एक द्या. मग बोलतो."

मला तिथेच गोळी दिली आणि शेजारच्या रिकाम्या खाटेवर आडवं केलं. मी म्हटलं, ह्या खाटेचं भाडं कार्डावर लावू नका. ह्यांच्या दोन्ही गोळ्या बंद केल्या आहेत, नाडी चढते का बघतात. चढली तर मशीन नाही. नाही चढली तर मी उशीर केला.

मोठे डॉक्टर जाताना म्हणाले, आजी, मशीन का रद्द केलं ते मला लिहावं लागेल, आणि तो कागद निधीकडे जातो. मी म्हटलं, लिहा. तुम्ही खोटं कशाला लिहाल, त्यासाठी आम्ही आहोत.

हे माझ्याशी बोलत नाहीत. 

— सासू

२१ तारीख, शुक्रवार

सूनबाई,

तुझ्या मधल्या दोन्ही चिठ्ठ्या मिळाल्या. उत्तर दिलं नाही कारण सांगण्यासारखं काही धड नव्हतं. ह्यांची नाडी दोन दिवसांत चढली. मशीन नाही. हाड बसवलं. काठी धरून घरभर ठकठक करतात आणि माझ्याशी काठीनेच बोलतात. एकदा आपटली की पाणी, दोनदा आपटली की दार. आता डॉक्टरने पुन्हा एकच गोळी लिहून दिलीय. म्हणजे निधीचा खर्च निम्मा झाला आणि तरी नोटीस आम्हालाच आली.

परवा मी एकटीच निधीच्या कचेरीत गेले. ह्यांना सांगितलं दाताच्या डॉक्टरकडे जाते. काचेमागे एक बाई होती, तुझ्याएवढी असेल. तिने नियम वाचून दाखवला. कार्डधारकाने समजून-उमजून औषध दुसऱ्याला दिलं, तर कार्ड रद्द आणि झालेला सगळा खर्च वसूल. हाडाचासुद्धा. मी म्हटलं, ऐकलं. तिने पुढची ओळ वाचली. कार्डधारकाच्या नकळत कोणी औषध घेतलं, तर कारवाई फक्त घेणाऱ्यावर. मी म्हटलं, ऐकलं. तिने तीच ओळ पुन्हा वाचली, अगदी हळू, आणि माझ्याकडे बघत राहिली. मला चौथीतसुद्धा कोणी इतक्या मायेने धडा वाचून दाखवला नव्हता.

"कागद आहे का?" मी विचारलं.

तिने दिला. मी लिहिलं: नवऱ्याच्या गोळ्या मी वर्षभर त्यांच्या नकळत चोरून खाल्ल्या. त्यांना काही ठाऊक नव्हतं. 

तिने वाचून विचारलं, "आजी, खरंच चोरल्यात ना? वरून कोणी विचारलं तर मला सांगावं लागेल."

"मागून मिळाल्या असत्या तर चोरल्या कशाला असत्या?"

शिक्का मारला. ह्यांचं कार्ड राहिलं. माझं नाव निधीतून कायमचं गेलं, आता तिप्पट काय, दसपट वर्गणी दिली तरी घेणार नाहीत. हे सगळं तुझ्या माझ्यात. ह्यांना वाटतं, ह्यांच्या पंपघरातल्या नोकरीकडे बघून निधीवाल्यांनी दोघांनाही माफ केलं. वाटू दे. ह्यांना कळलं तर काठी टेकत कचेरीत जातील आणि खरं सांगून येतील. ती अब्रू आता परवडणारी नाही.

आता मुद्द्याचं. इस्पितळातून निघताना मोठ्या डॉक्टरांनी मला हातावर काही गोळ्या दिल्या होत्या. त्या परवाच संपल्या. ह्यांच्या लक्षात आलं. काल सकाळी बघते तर माझ्या बशीत अर्धी गोळी. ह्यांनी सुरीने कापलेली, वेडीवाकडी, निम्मी चुरा. मी म्हटलं, ही तुमची आहे, पुरी खा. नाही म्हणाले. त्या भांडणानंतरचं माझ्याशी पहिलं बोलणं ते "नाही." मी खाल्ली नाही. तर त्यांनीही आपली अर्धी खाल्ली नाही. दोन अर्धुकं दिवसभर टेबलावर समोरासमोर पडून राहिली आणि आम्ही दोघं त्यांच्या दोन बाजूंना. आज सकाळी पुन्हा तेच. संध्याकाळी त्यांचा चेहरा लाल झाला होता. मला माहीत आहे, हा माणूस मरेल पण पुरी खाणार नाही.

मग मी थाप मारली. म्हटलं, मला सूनबाई पाठवते.

"ती?" म्हणाले. "ती तुला गोळ्या पाठवेल? ती तुला उंदराचं औषध पाठवेल."

"दर महिन्याला पाठवणार आहे. सवलतीत."

"दाखव."

"अजून आल्या नाहीत."

"आल्या की दाखव. तोवर निम्मी."

तर माझं काम एवढंच. तुझ्या दुकानात लोक औषधं फोडून नेतात, रिकामी पाकिटं टाकून जातात. त्यातलं एक ह्या गोळीचं उचलून तुझ्या दुकानाचा शिक्का मारून कंडक्टरबरोबर पाठव. रिकामं. मी ह्यांना दुरून दाखवेन आणि डब्यात ठेवेन. ते पुरी खायला लागले की माझं भागलं. माझं पुढचं मी बघते, एवढी वर्षं जगले ते काही गोळीवर जगले नाही.

उद्याच्या बसने आलं तर बरं होईल. तिसरा दिवस मला नको आहे.

— सासू

२३ तारीख, रविवार

सूनबाई,

पाकीट काल संध्याकाळी मिळालं. कंडक्टर आधी घरी आला, मग डेपोत गेला. तू त्याला काय धमकी दिलीस?

हे दारातच उभे होते. माझ्या हातातून घेतलं, चष्मा लावला, शिक्का वाचला, एकेका गोळीवर बोट ठेवून दाबून पाहिलं. मग म्हणाले, "उंदराचं नाही वाटत." आज सकाळी एक माझ्या हातावर ठेवली. मी त्यांच्यासमोर गिळली. तोंड उघड म्हणाले, उघडलं. मग त्यांनी आपली पुरी गिळली आणि मला विचारलं, "पाव आहे का काही?" सोळा दिवसांत भांडणाशिवायचं पहिलं वाक्य.

किंमत तुझ्या पावतीवर छापलीय तीच पाठवलीय, कंडक्टरकडे. ती खोडून खाली तू पेनाने जी कमी लिहिलीस ती नाही. परत पाठवलीस तर मी स्वतः बसने येऊन तुझ्या दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, तोंड उघडेन. तेव्हा विचार कर.

पुढच्या महिन्याचं काय ते बघू. मी मागितलेलं नाही, हे लक्षात ठेव. मी रिकामं पाकीट मागितलं होतं. स्वच्छ लिहिलं होतं, "रिकामं," खाली रेघही मारायला हवी होती. एवढं शिकलीस, आणि तुला साधं वाचता येत नाही?

— तुझी सासू